बिऱ्हाड पाठीवर, पण पेलेल एवढेच!
लहान, हलका कॅम्पर ट्रेलर निवडताना सजावटीआधी काय पाहावे?

मुलांच्या शाळेला सुट्टी लागली की घरोघरी प्रवासाचे बेत सुरू होतात आणि पहिला प्रश्न उभा राहतो तो मुक्कामाचा. आपल्याकडे हॉटेल, धर्मशाळा किंवा नात्यातले घर यांवर हा प्रश्न सुटतो. महाराष्ट्र आणि केरळ या राज्यांनी २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाची धोरणे जाहीर केल्यापासून चाकांवरच्या घराची चर्चा आपल्याकडेही होऊ लागली आहे. पण आपल्या रोजच्या मोटारीला मागे जोडून न्यायचा छोटा ट्रेलर ही चीज खऱ्या अर्थाने रुजली आहे ती अमेरिका, कॅनडा, युरोप आणि ऑस्ट्रेलियात.

आज मराठी घरांतली कितीतरी मुले, भाचरे, भावंडे अमेरिकेत संसार थाटून आहेत. तिथली शाळांची उन्हाळी सुट्टी चांगली दोन-अडीच महिन्यांची असते. त्याच सुमारास इथून आई-वडीलही सहा महिन्यांसाठी तिकडे जातात. मग सहा माणसे घेऊन यलोस्टोन किंवा योसेमिटीला जायचे म्हणजे मोटेलच्या दोन खोल्या, रोजचे बाहेरचे खाणे, दर दुसऱ्या दिवशी बॅगा भरणे आणि उपसणे. त्यात वडिलांना पथ्याचे जेवण आणि आईला सकाळी आपल्या हातचा चहा हवा. अशा वेळी कोणीतरी सुचवते, “एक छोटा कॅम्पर का घेत नाही?”

सूचना चांगली आहे. विंचवाच्या पाठीवर बिऱ्हाड असते तसे आपलेही असावे, असे कोणालाही वाटेल. मात्र विंचू आपल्याला पेलेल एवढेच पाठीवर घेतो, माणूस तसे करत नाही. विक्रेत्याच्या आवारात गेले की गृहिणीचे लक्ष ओट्याकडे जाते, मुले वरच्या बंकवर चढून बसतात, नवरा छतावरच्या एसीची चौकशी करतो. ट्रेलरच्या बाहेर, पुढच्या कोपऱ्यात चिकटवलेली वजनाची पट्टी मात्र कोणी वाचत नाही. खरेदीची सुरुवात तिथूनच झाली पाहिजे.

आधी आपली गाडी काय सांगते?

“तुमची गाडी हा ट्रेलर सहज ओढेल,” असे विक्रेता सांगतो. ते खोटे असेलच असे नाही. सपाट रस्त्यावर बरीच इंजिने बरेच काही ओढतात. प्रश्न येतो तो उतारावर थांबण्याचा, वळणावर सावरण्याचा आणि शेजारून मोठा ट्रक वेगाने गेला तर सरळ राहण्याचा. म्हणून गाडीच्या पुस्तिकेत दिलेली ओढण्याची मर्यादा हाच पहिला आणि शेवटचा शब्द मानावा.

या मर्यादांत केवढा फरक असतो पाहा. आपल्या लोकांची आवडती टोयोटा सिएना ३,५०० पौंड, म्हणजे सुमारे १,५९० किलो ओढू शकते. होंडा सीआर-व्हीची पेट्रोल गाडी दिसायला दणकट असली तरी तिची मर्यादा १,५०० पौंड, म्हणजे ६८० किलो एवढीच आहे. कित्येक सेडान गाड्यांच्या पुस्तिकेत तर ट्रेलर जोडूच नये, असे स्पष्ट लिहिलेले असते. मागे हुक बसवून घेतला म्हणून गाडीची ताकद वाढत नाही.

मर्यादेच्या काठापर्यंतही जाऊ नये. जाणकार लोक साधारण ८० टक्क्यांचा हिशोब धरतात. डोंगरात ही शिल्लक फार उपयोगी पडते. दर हजार फूट उंचीमागे टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद अंदाजे ३ टक्क्यांनी घटते. योसेमिटीतील टायोगा खिंड ९,९४३ फूट उंचीवर आहे. म्हणजे जिथे चढ अधिक, तिथेच गाडीचा दम कमी!

कोरडे वजन आणि भरलेले वजन

जाहिरातीत ठळक छापलेले असते ते कोरडे वजन. कारखान्यातून निघालेला, आत चमचाही नसलेला ट्रेलर. संसार भरल्यावर काय होते, त्याचा एक हिशोब मांडून पाहू.

समजा, ट्रेलरचे कोरडे वजन २,२०० पौंड, म्हणजे १,००० किलो आहे. त्यात बॅटरी २५ किलो, गॅसचा भरलेला सिलिंडर १७ किलो, वरून बसवून घेतलेला एसी आणि बाहेरचे छप्पर ६० किलो, टाकीत ७५ लिटर पाणी म्हणजे ७५ किलो. भांडी, कुकर, डाळ-तांदूळ, पीठ ६० किलो. अंथरुणे-पांघरुणे आणि कपडे ६० किलो. खुर्च्या, टेबल, सतरंजी, छोटा तंबू ५० किलो. बेरीज झाली जवळजवळ ३५० किलो! एक टनाचा ‘हलका’ ट्रेलर १,३५० किलोंवर गेला. सिएनाच्या मर्यादेचे ८० टक्के होतात सुमारे १,२७०. म्हणजे आताच आपण रेषा ओलांडली.

यातून मार्ग निघतो. टाकी रिकामी ठेवून निघावे आणि मुक्कामाच्या ठिकाणी पाणी भरावे. एसीची गरज खरोखर आहे का, याचा विचार करावा. पण हा हिशोब खरेदीच्या आधी झाला तरच उपयोगाचा.

ट्रेलरच्या पट्टीवर आणखी एक आकडा असतो. सामानासकट त्याचे जास्तीत जास्त वजन किती चालेल, तो. या आकड्यातून रिकामे वजन वजा केले की सामानाला किती जागा उरते ते कळते. काही देखण्या ट्रेलरांत ही शिल्लक इतकी थोडी असते की पाणी भरले तर कपडे घरी ठेवावे लागतील.

आजी-आजोबा आले की गणित बदलते

दुसरा भार अनेकांच्या ध्यानातच येत नाही. ट्रेलरचा पुढचा दांडा गाडीच्या हुकावर टेकतो आणि तो हुकाला खाली दाबतो. अमेरिकन पद्धतीत हा दाब भरलेल्या ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के असावा लागतो. यापेक्षा कमी ठेवला तर ट्रेलर मागे शेपटीसारखा डोलू लागतो. म्हणून तो टाळता येत नाही आणि तो गाडीच्याच पाठीवर पडतो.

ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एक पट्टी असते. माणसे आणि सामान मिळून किती किलोंपेक्षा जास्त भरू नये, ते तिच्यावर लिहिलेले असते. समजा तो आकडा ५४० किलो आहे. चार मोठी माणसे २८० किलो आणि दोन मुले ६० किलो, म्हणजे ३४० झाले. १,३५० किलोंच्या ट्रेलरचा हुकावरचा भार १७० आणि हुकाचे लोखंड २०, मिळून ५३०. उरले १० किलो! आईची औषधांची पिशवी, पाण्याच्या बाटल्या आणि खाऊचे डबे ठेवले की संपले. डिकीत एकही बॅग ठेवायची सोय नाही.

त्याऐवजी १,४०० पौंडांचा, म्हणजे सुमारे ६३५ किलोंचा तेरा फुटी ट्रेलर घेतला आणि त्यात ३०० किलो सामान भरले, तर तो होतो ९३५ किलो. हुकावर येतात सुमारे ११५. आता गाडीत ६५ किलोंची सवलत राहते आणि इंजिनावर, ब्रेकवर ताणही कमी पडतो. ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही म्हण इथे अक्षरशः लागू पडते. ज्यांच्याकडे दरवर्षी पाहुणे येतात त्यांनी हा हिशोब चौघांचा न करता सहाजणांचाच करावा.

किती प्रकार, कोणासाठी कोणता?

*थेंबाच्या आकाराचा:* यालाच टिअरड्रॉप म्हणतात. १९३० च्या दशकापासून अमेरिकेत हा प्रकार आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर ‘मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड’ मासिकाने १९४७ मध्ये याचे आराखडे छापले आणि अनेकांनी तो घरच्या घरी बनवला. प्लायवूडचा तक्ता ४ फूट बाय ८ फूट मिळतो, म्हणून खोकेही बहुधा तेवढेच. आत दोघांची निजायची जागा आणि मागचे झाकण उचलले की ओटा. वजनाने सर्वांत हलका. नव्या जोडप्याला किंवा एका तान्ह्या मुलासह फिरणाऱ्यांना उत्तम. पण पाऊस लागला तर बसायलाही जागा नाही.

*तंबूचा ट्रेलर:* प्रवासात चपटी पेटी आणि मुक्कामी पोहोचल्यावर दोन्ही बाजूंना कापडी पंख पसरणारा. थोड्या वजनात पाच-सहा माणसे झोपवणारा हाच. मात्र ओले कापड गुंडाळून ठेवले तर बुरशी धरते, त्यामुळे घरी आल्यावर अंगणात पुन्हा उघडून वाळवावा लागतो. शिवाय यलोस्टोनमधील फिशिंग ब्रिजच्या तळावर ग्रिझली अस्वलांमुळे कापडी भिंतींचे ट्रेलर आणि तंबू चालत नाहीत. कडक भिंतींचेच हवेत.

*त्रिकोणी छपराचा:* दोन कडक पाखी उचलली की कौलारू घरासारखा आकार होतो. उघडायला काही मिनिटे पुरतात. रस्त्यावर तो बुटका राहतो, त्यामुळे वारा कमी अडवतो. दोन मोठी आणि एक-दोन लहान मुले यांना ठीक. उंच माणसाला मात्र मधोमधच उभे राहता येते.

*अंड्यासारखा फायबरग्लासचा:* याची गोष्ट मजेदार आहे. कॅनडातील विनिपेगचे रे ओलेको यांनी फायबरग्लासच्या सेप्टिक टाकीवर काम केले होते. त्याच धर्तीवर हलका ट्रेलर बनवता येईल, असे त्यांच्या मनात आले आणि १९६८ मध्ये ‘बोलर’ नावाचा तेरा फुटी ट्रेलर बाजारात आला. वरची आणि खालची अशी दोन कवचे मधोमध जोडायची, बस! सांधे कमी, म्हणून गळती कमी. अमेरिकेतील स्कॅम्प आणि कॅसिटा हे ट्रेलर याच घराण्यातले. तेरा फुटी स्कॅम्पमध्ये दिवसा जेवायचे टेबल, रात्री तोच पलंग. जुने झाले तरी यांना चांगली किंमत येते.

*लहान चौकोनी:* पंधरा-सोळा फुटांत पलंग, ओटा, फ्रिज, न्हाणीघर सारे काही. सोयीला पैकीच्या पैकी गुण. पण उभा सपाट पुढचा भाग वारा अडवतो, पेट्रोल जास्त जाते आणि भरलेले वजन ३,५०० पौंडांच्या आसपास सहज पोहोचते. काही गाड्यांच्या पुस्तिकेत वजनाखेरीज ट्रेलरच्या समोरील क्षेत्रफळाचीही मर्यादा असते. तीही पाहावी.

दुकानातच झोपून पाहा

‘सहाजण झोपतात’ असे पत्रकात लिहिलेले असते. कोणते सहाजण, ते लिहिलेले नसते. म्हणून ट्रेलर पाहायला सारे कुटुंब न्यावे आणि प्रत्येकाने आपल्या जागी दहा मिनिटे आडवे होऊन पाहावे. सहा फुटांचा माणूस साडेपाच फुटी पलंगावर आठवडा काढू शकत नाही.

पलंग भिंतीला टेकलेला असेल तर रात्री उठताना आतल्याने बाहेरच्याला ओलांडून यावे लागते. गुडघेदुखी असलेल्या आईला हे जमणार नाही. दाराची पायरी किती उंच, धरायला दांडा आहे का, हेही पाहावे. एक सोपी युक्ती अशी की आजी-आजोबा आणि लहान मुले आत, मोठी मंडळी शेजारच्या तंबूत. बऱ्याच कॅम्पग्राउंडवर एका जागेवर सहा माणसांची मर्यादा असते, तेवढी तपासून घ्यावी.

शौचालय हवे की नको, हा खरा कळीचा प्रश्न. बहुतेक मोठ्या तळांवर स्वच्छतागृहे असतात, पण रात्रीच्या थंडीत, अंधारात तिथवर चालत जाणे वृद्धांना अवघड. पूर्ण न्हाणीघरासाठी वजन वाढवण्यापेक्षा हातात उचलून नेता येणारे छोटे शौचपात्र अनेक कुटुंबांना पुरते. ते ठराविक जागीच रिकामे करावे लागते आणि ते काम कोणाचे, हे निघण्यापूर्वीच ठरवलेले बरे!

आता स्वयंपाक. एवढ्याशा खोलीत मोहरीची फोडणी घातली की धुराचा भोंगा वाजतो आणि गाद्यांना आठवडाभर वास राहतो. फोडणी, तळण बाहेरच्या शेगडीवर करावे. आत चहा, भात, सूप एवढेच. कुकर मात्र विसरू नये. यलोस्टोनचे अनेक तळ साडेसात हजार फुटांच्या वर आहेत. तिथे पाणी सुमारे ९२ अंशांवरच उकळते आणि उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही. जेवण झाल्यावर खरकटे आणि डबे बाहेर ठेवू नयेत. अस्वलाला आपल्या आमटीचा वासही आवडतो.

आत शेगडी लावताना खिडकी उघडी ठेवावी आणि ऊब मिळावी म्हणून ती कधीही पेटती ठेवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. तो ओळखणारा भोंगा चालू आहे ना, हे दर प्रवासाआधी कळ दाबून पाहावे.

जुना घेताना हे तपासा

• कोपरे, खिडक्यांच्या कडा आणि जमीन अंगठ्याने दाबून पाहावी. मऊ लागली तर आत पाणी मुरले आहे. लाकडी सांगाड्याच्या ट्रेलरला हा रोग लागला की दुरुस्तीचा खर्च खरेदीच्या किमतीशी स्पर्धा करतो.
• दार बंद करून दोन मिनिटे आत बसावे. कुबट वास आला तर सुगंधी फवाऱ्याला भुलू नये.
• टायरची नक्षी शाबूत दिसली तरी वय पाहावे. बाजूला चार आकडी खूण असते. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. उभ्या उभ्याही टायर म्हातारे होतात.
• ट्रेलरला स्वतःचे ब्रेक आहेत का, आपल्या गाडीत ते चालवणारे यंत्र बसते का, याची खात्री करावी. ब्रेक कोणत्या वजनापासून सक्तीचे, हे राज्याराज्यांत वेगळे आहे. कायदा काहीही असो, ब्रेक असलेला ट्रेलर घ्यावा.
• मालकीची कागदपत्रे आणि चासीवरचा क्रमांक जुळवून पाहावा.

खरेदीनंतरचा खर्चही आधीच मांडावा. ट्रेलरची वेगळी नोंदणी असते. ट्रेलरच्या स्वतःच्या नुकसानीसाठी वेगळा विमा लागतो. अनेक वसाहतींच्या नियमांत घरापुढे ट्रेलर उभा करायला मनाई असते, मग महिन्याच्या भाड्याने जागा घ्यावी लागते. न्यू जर्सी, इलिनॉयसारख्या थंड राज्यांत हिवाळ्यापूर्वी नळ्यांतले पाणी काढावे लागते, नाहीतर बर्फाने नळ्या फुटतात. वर्षाकाठी दहा-बारा रात्रीच वापर होणार असेल तर भाड्याने घेणे कितीतरी स्वस्त.

रस्त्यावर उतरताना

जड सामान चाकांच्या आसावर किंवा किंचित पुढे ठेवावे. मागच्या टोकाला सायकली आणि पाण्याचे कॅन लादले की हुकावरचा भार घटतो आणि ट्रेलर डोलू लागतो. तसा तो डोललाच तर घाबरून जोरात ब्रेक दाबू नये. पाय ॲक्सिलरेटरवरून उचलावा, स्टिअरिंग सरळ धरावे आणि ट्रेलरच्या ब्रेकची हाताने चालवायची कळ हळूच दाबावी. वेग कमी ठेवणे हा तर सर्वांत सोपा उपाय. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्यांना ताशी ५५ मैलांची मर्यादाच आहे.

मागे घेताना हात स्टिअरिंगच्या तळाशी ठेवावा. ट्रेलरची शेपूट ज्या बाजूला जायला हवी, त्या बाजूला हात न्यावा. लहान ट्रेलर मोठ्यापेक्षा पटकन वाकडा होतो. म्हणून रविवारी सकाळी रिकाम्या पार्किंगमध्ये तासभर सराव करावा. पत्नीनेही करावा. नवरा चालवणार आणि ती मागे उभी राहून हातवारे करणार, या वाटणीत भांडणे फार होतात.

चालत्या ट्रेलरमध्ये कोणीही बसू नये, मुलांनी कितीही हट्ट केला तरी. अनेक राज्यांत तो गुन्हा आहे आणि आत पट्टे, सुरक्षित आसने काहीच नसते. झोपाळलेल्या आजोबांनाही हाच नियम.

काही घाटरस्त्यांवर ट्रेलरला बंदी असते. ग्लेशियर नॅशनल पार्कमधील ‘गोइंग टु द सन’ रस्त्याच्या डोंगरी भागात २१ फुटांपेक्षा लांब वाहन नेता येत नाही आणि त्यात गाडी व ट्रेलर दोन्हींची लांबी धरतात. इथे ओढायच्या कॅम्परचा मोठा फायदा दिसतो. ट्रेलर तळावर सोडायचा आणि मोटार मोकळी करून फिरायला जायचे. संध्याकाळी परत आले की अंथरूण तयार!

आधी आठ दिवस भाड्याने

निवड पक्की वाटली तरी पैसे मोजण्याआधी त्याच जातीचा ट्रेलर आठवडाभर भाड्याने घ्यावा. नेहमीच्या भाड्याच्या मोटारीला ट्रेलर जोडण्याची परवानगी सहसा नसते, त्यामुळे आपलीच गाडी लागेल. ते चांगलेच, कारण परीक्षा तिचीही घ्यायची आहे. पहिला मुक्काम घरापासून तास-दीड तासाच्या अंतरावर ठेवावा. वाटेत सार्वजनिक वजनकाटा लागला तर भरलेला ट्रेलर आणि गाडी दोन्ही तोलून घ्यावीत. थोड्या पैशांत कागदावरचा हिशोब खरा की खोटा ते समजते.

त्या आठवड्यात घरातल्या प्रत्येकाला विचारावे. झोप लागली का? पाठ दुखली का? पावसात दिवस कसा गेला? काय आणले आणि वापरलेच नाही? न वापरलेल्या वस्तूंची यादी करून ठेवावी, कारण तेवढे किलो पुढच्या वेळी कमी होणार आहेत. आईला पायरी चढता आली नाही, असे कळले तर तो ट्रेलर कितीही देखणा असो, आपल्यासाठी नाही.

हे सारे जमले, की मग खुशाल पडद्यांचा रंग निवडायला बसावे.